खाडीतले सोनेरी मासे

पारायण संपलं त्या दिवशी घरात प्रसन्न वाटायला हवं होतं, पण माझ्या मनात राग धुमसत होता. आमची मुलगी नाशिकला असते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. हे ऐकल्याबरोबर आमच्या ह्यांनी दत्त महाराजांच्या पोथीचा सप्ताह धरला. सात दिवस मौन, एक वेळ जेवण, चटईवर झोपणं आणि गावाची वेस न ओलांडणं. मी स्वतः देवाला मानते, पण भांडून मानते. महाराज, तुम्हाला आमच्या मुलीची काळजी असेल तर ती म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून कशाला दाखवायची, असं मी समई लावताना रोज विचारत होते. उत्तर कधीच येत नाही, हे मला ठाऊक आहे.

सप्ताहात हे बोलत नव्हते हे ठीकच होतं. पण मौन सुटल्यावरही माणूस परका वाटायला लागला. माझ्याशी बोलायचे ते भिंतीकडे तोंड करून. समाप्तीला मी मुलीने दिलेली मोरपंखी साडी नेसले, त्यावर एक अक्षर नाही. पुढ्यात ठेवलेल्या वाटीला हात लागून कढी सांडली, तर "तू वाटी कुठेही ठेवतेस" म्हणाले. मी मनात म्हटलं, देव भेटला की बायको नकोशी होते ती अशी. उद्यापनाचं जेवण रविवारी ठेवलं होतं, कारण मुलीच्या सासरची माणसं रविवारीच येऊ शकत होती. तोवर चार दिवस घरात हे असंच चालणार, या विचारानेच मला कंटाळा आला.

त्याच आठवड्यात आमच्या हाटकेशच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांनी बोटीची सहल ठरवली होती. भाईंदरच्या खाडीत कुणीतरी नवी बोट आणली होती, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावर चालून जुनी झालेली. तिच्या पोटात उतरायला जिना आणि खाली पाण्याच्या पातळीखाली काचेच्या खिडक्या. खिडकीशी बसून पाण्यातलं जग बघायचं. आमच्या खाडीत पाण्याखाली काय जग असणार यावर सोसायटीत आठवडाभर थट्टा चालली होती. शेजारच्या हंसाबेन तर म्हणाल्या, "भाभी, चश्मा साफ करके आना, कीचड अच्छा दिखेगा." हे येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आले. रिक्षातून उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि जेट्टीच्या फळीवरून बोटीच्या पोटात उतरून बाकावर बसेपर्यंत सोडला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी रस्त्यात माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. चारचौघांत मी लाजले आणि माझा राग निम्मा ओसरला. खोटं कशाला बोलू, पोथीचा गुण आला असं वाटून मला बरंच वाटलं.

बोटीच्या पोटात दोन्ही बाजूंना बाकं होती आणि प्रत्येक बाकासमोर एक गोल काच. आमच्या शेजारी जाडजूड काळा चष्मा लावलेली एक कोळीण मावशी बसली होती. बोट चालवणारा तिचा भाचा, त्याने हौसेने तिला फुकट फिरायला आणलं होतं. "माजा डोला आताच केलाय," तिने आपणहून सांगितलं, "मला काय दिसाचं न्हाय, आनी तुमालाबी काय दिसाचं न्हाय. आमची खारी हाय ही, मी वलखतंय तिला." सगळे हसले. बोट सुटली आणि काचेपलीकडे पाणी वर चढलं. मातकट, दाट, डाळ धुतलेल्या पाण्यासारखं. एक प्लास्टिकची पिशवी काचेला चिकटली आणि मागे गेली. बस, तेवढंच.

आणि नेमक्या त्याच वेळी भोंग्यातून आवाज सुरू झाला. बोट जिथून आणली होती तिथलंच ध्वनिमुद्रण कुणी बदललं नव्हतं. एक बाई गोड हिंदीत सांगत होती, "अब आप देख रहे हैं सुनहरी मछलियों का झुंड. आपकी दाईं ओर नीले और पीले मूंगे." कुणाकुणाबरोबर आलेल्या नातवंडांनी टाळ्या पिटल्या, हंसाबेन डोळे पुसून हसत होत्या. मलाही हसू आलं, पण ह्यांच्याकडे बघून वाईटही वाटलं. इतक्या दिवसांनी माणूस घराबाहेर पडला आणि बघायला मिळाला चिखल. मी काचेला कपाळ टेकवलं आणि मनातल्या मनात म्हटलं, महाराज, फार काही मागत नाही, एक मासा दाखवा. ह्यांचं मन रमू दे. माझं मागणं लहानच होतं आणि मी ते अगदी मनापासून मागितलं.

तेवढ्यात ह्यांनी माझ्या दंडाला स्पर्श केला. "बघितलेस का? केवढे मासे! अगदी सोनेरी आहेत." मला वाटलं थट्टा करताहेत. पण थट्टा करताना ह्यांच्या ओठाचा एक कोपरा वर जातो, तो गेला नव्हता. चेहऱ्यावर मला खूश करायची धडपड होती. "आणि ते निळं पिवळं बघ," ते पुढे म्हणाले, "काय सुंदर दिसतंय." समोर काचेवर फक्त माती होती. सगळी बोट कशाला हसतेय हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, मासे बघून लोक आनंदाने ओरडताहेत.

मी हळूच माझा पंजा त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि हलवला. पापणी लवली नाही. पुन्हा हलवला. ते तसेच, माशांकडे बघून हसत. इथे एक सांगायला हवं. ह्यांचा डावा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला, सगळं आयुष्य त्यांनी उजव्या डोळ्यावर काढलं. हिशेबाची नोकरी, वर्तमानपत्र, पोथी, सगळं त्या एका डोळ्यावर. मी विचारलं, "अहो, माझी किती बोटं वर आहेत?" त्यांचं हसू तिथल्या तिथे थांबलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाले, "काळोख आहे ना इथे." काळोख नव्हता. आमच्या डोक्यावर दिवा जळत होता.

एकेक गोष्ट अंगावर येत गेली. भिंतीकडे तोंड करून बोलणं, कढीची वाटी, साडी. आणि तो हात, जो मी प्रेमाचा समजून लाजले होते. ते आधारासाठी मला धरून चालत होते. पण मग पोथी? रोज सकाळी समोर बसून हे वाचत होते, बोट ओळीवर, पान वेळेवर उलटत होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मला पाठ आहे गं ती. पान कुठे संपतं तेही पाठ आहे." चौथ्या दिवशी वाचता वाचता डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं होतं आणि मग खालून काळं काहीतरी वर चढत आलं होतं. "तेव्हाच का नाही सांगितलं?" "मुलीसाठी नवस बोललोय मी. मध्येच उठलो असतो आणि तिला काही झालं असतं तर? उद्यापन झालं की रविवारी सांगणार होतो." त्यांच्या दृष्टीने उद्यापनाच्या जेवणाशिवाय पारायण पुरं होत नव्हतं. स्वतःचा एकुलता डोळा त्यांनी महाराजांपुढे ठेवला होता आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. मला त्यांचा एवढा राग आला आणि एवढी माया आली की काय करावं सुचेना. मी नुसती त्यांचा हात घट्ट धरून रडत बसले.

काळ्या चष्म्याची मावशी हे सगळं ऐकत होती. ती बाकावरून सरकून जवळ आली. "काला पडदा चढलाय बोलतान ना? बाय, घरी जाव नको. सरल दवाखान्यात ने. माजा डोला केला तवा डॉक्टर बोलला, तसा काला पडदा दिसला का धावत याचं, जेवालाबी थांबाचं न्हाय." मी म्हटलं, "आता या बोटीतून कुठे धावणार?" तर ती उठली, चाचपडत जिना चढली आणि वरून तिचा आवाज आला, "फिरव रं बोट! मानसाचा डोला चाललाय." बोट वळली. कुणीही कुरकुर केली नाही. हंसाबेन लगेच मुलाला फोन लावून गाडी जेट्टीवर बोलवायला लागल्या. या गडबडीत भोंगा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. किनारा येईपर्यंत ती बाई शंखशिंपल्यांचं वर्णन करत राहिली आणि मी त्या काचेसमोर ह्यांचा हात धरून बसले होते.

जिना चढताना ह्यांना पायरी सापडेना. मावशीने वरून हात दिला, मी खालून धरलं. गाडीपाशी आल्यावर तिने आपल्या दवाखान्याचं नाव सांगितलं आणि मागे वळून गेली. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. त्या गर्दीत हे एवढंच म्हणाले, "उद्यापन राहिलं गं." मला महाराजांचाही राग आला होता आणि त्यांचाच धावा चालू होता.

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. मी डॉक्टरांना विचारलं, रविवारपर्यंत थांबलो असतो तर? ते तरुण डॉक्टर म्हणाले, "काकू, तो विचार करू नका." त्यानंतर ह्यांना कितीतरी दिवस पालथं झोपायचं होतं, मान वर करायची नाही. मी जमिनीवर त्यांच्या उशीजवळ बसून पोथी वाचायची. मी चुकले की खालून उशीतून आवाज यायचा, "एक ओळ सुटली." दृष्टी हळूहळू आली. पूर्वीसारखी नाही, सरळ रेघ अजूनही त्यांना जरा वाकडी दिसते. पण एका सकाळी चहा देताना माझ्याकडे बघून म्हणाले, "किती वाळलीस तू." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

उद्यापन दोन महिन्यांनी झालं. हंसाबेनच्या मुलाने मावशीचा पत्ता काढला होता, ती जेवायला आली. पुरणपोळी दोनदा मागून घेतली, ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मी दिसतंय ना?" "दिसताय," हे म्हणाले. "मंग झालं," ती म्हणाली आणि कटाची आमटी वाढायला सांगितली.

मुलीला आता आठवा महिना आहे. ती अजून अंथरुणातच आहे आणि पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नाही. मी रोज समई लावते, हात जोडते, मुलीचं नाव घेते आणि गप्प बसते. असं कर, तसं कर, हे सांगायला तोंड उघडत नाही. कारण त्या दिवशी बोटीत मी अगदी मनापासून एक मासा मागितला होता. तो काचेपलीकडून गेला असता तर मी आनंदाने म्हटलं असतं, खरंच हो, किती सुंदर आहे, आणि आम्ही दोघं हसत घरी आलो असतो, रविवारची वाट बघत.