साक्षीदारकाकांची सही

सकाळपासून झेरॉक्सवाल्याने मशीन तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं. कागद कुठेच अडकला नव्हता. शेवटी बायको म्हणाली, “अहो, मशीनला काही झालेलं नाही. तुम्हालाच काय झालंय?” त्याने उगाच काच पुसायला घेतली.

त्याचं दुकान रुग्णालयाच्या फाटकासमोर. आत नव्या औषधांवर संशोधन चाले. भाग घेणाऱ्या माणसाला नऊ पानी संमतीपत्र समजावून सांगायचं. त्याला वाचता येत नसेल तर बाहेरचा एक साक्षीदार शेजारी बसवायचा, त्याने सगळं स्वतःच्या कानांनी ऐकायचं आणि मगच सही करायची, असा नियम. संशोधनाच्या मॅडमना हा बाहेरचा माणूस हाताशीच सापडला. संमतीपत्राच्या प्रती काढणारा तोच आणि साक्षीदारही तोच! पहिल्या दोन-तीन वेळा तो मान डोलावत तासभर बसला. मग इकडे गिऱ्हाईक ताटकळू लागलं, तिकडे मॅडमनाही घाई. “काका, आमचं सांगून झालंय. तुमची फक्त सही.” सही मात्र झोकदार. फाटकावरचे लोक त्याला साक्षीदारकाका म्हणत आणि खोटं कशाला बोला, स्वारी त्यावर फुगून जाई. शंभर प्रती काढणाऱ्या या पठ्ठ्याने त्यातलं एक पानही धड वाचलं नव्हतं.

घोळ झाला तो काल. शेजारच्या टपरीतली इस्त्रीवाली ताई गिऱ्हाइकाला चिठ्ठी लिहून द्या म्हणत आली. तिच्या मनगटावर भाजल्याचा लालभडक चट्टा होता.

“हे काय, ताई?”

“ती गुडघ्यांची नवी गोळी घेतली की गरगरतं, भाऊ. इस्त्री सुटली हातातून.”

“मग सोडून द्या ना ती गोळी!”

“अंगठा दिलाय ना. आता शब्द फिरवायचा?” ती हसली. “मला कुठे वाचता येतंय? तुमची सही दाखवली, तेव्हाच मी अंगठा उठवला. म्हटलं, भाऊंनी आधी सगळं ऐकलंय म्हणजे ठीकच असणार.”

तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. चटके तिला बसत होते आणि ती त्याच्या भरवशावर गोळी गिळत होती. पुढच्या वेळी ती चक्कर येऊन इस्त्रीवरच पडली तर?

आज दुपारी रुग्णालयाच्या नीतिसमितीची बैठक होती. संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना, हे बघणारी ही समिती. तिच्यासाठी प्रती काढता काढता त्याने संमतीपत्र पहिल्यांदा वाचलं. सहाव्या पानावर त्याचा हात थांबला. ते पान घेऊन तो तसाच टपरीकडे धावला आणि मोठ्याने वाचू लागला, “चक्कर आल्यास लगेच डॉक्टरांना कळवा. तुम्ही केव्हाही, कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता. तुमचे उपचार थांबणार नाहीत.”

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. “पुन्हा वाचा.”

त्याने पुन्हा वाचलं.

“मला तर गोळी कधी घ्यायची तेवढंच सांगितलं होतं,” ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर त्याला परवडलं असतं. “मग भाऊ, तुम्ही काय ऐकून सही केलीत?”

त्याची मान खाली गेली. ताईने टपरी बंद केली आणि तडक डॉक्टरांकडे निघाली.

तो प्रतींचा गठ्ठा उचलायला दुकानात आला. सगळं ऐकून बायको म्हणाली, “वर समितीपुढे हे बोललात तर आपलं रुग्णालयाचं काम गेलंच म्हणून समजा.”

“जाऊ दे,” तो म्हणाला आणि गठ्ठा घेऊन रुग्णालयाचा जिना चढला.

“ठेवा तिथे, काका,” समितीच्या अध्यक्षबाई कागदांतून मान वर न करता म्हणाल्या. गठ्ठा ठेवूनही तो हलेना. मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. समितीसमोर बसलेल्या संशोधनाच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“किती संमतीपत्रांवर तुमची सही आहे?” बाईंनी विचारलं.

“चाळीसएक असतील.”

“आणि शेजारी बसून किती वेळा ऐकलंत?”

तो बोटांवर मोजू लागला आणि तिसऱ्या बोटावर थांबला.

“बाकीच्या सगळ्यांना बोलवा, बाई,” तो म्हणाला. “सोडून जाता येतं, हे त्यांनाही कुणी सांगितलं नसेल.”