गाईडने गप्प बसायचं

माझ्याकडे पीएच.डी. करायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी एक अट सांगतो. प्रबंधाचं काम चालू असतानाच आमच्या भिवंडीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला अर्थशास्त्राचे सहा तास शिकवायचे, आणि मी शेवटच्या बाकावर बसून ऐकणार. मला स्वतःला शिकवायला कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरेट मिळाली आणि थेट सत्तर पोरांसमोर उभा राहिलो. पहिली दोन वर्षं मी नुसत्या नोट्स लिहून दिल्या. ते पाप माझ्या विद्यार्थ्यांकडून होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पाच वर्षांपूर्वी भिवंडीजवळच्या अंजूर गावची एक मुलगी माझ्याकडे आली. शेतकऱ्याच्या घरातली, घरात एम.ए. झालेली पहिलीच. गोदामं आल्यावर शेतमजूर बायांच्या कामाचं काय झालं, हा तिचा विषय. गावात ती बायांशी त्यांच्याच बोलीत हाय-न्हाय करत तासन्‌तास बोलायची आणि त्यांच्याकडून असं काही काढून आणायची की मी वाचतच बसायचो. कॉलेजच्या दारातून आत आली की मात्र तोलूनमापून पुस्तकी बोलायची.

पहिल्या तासाला तिने घटत्या उत्पादनाचा नियम घेतला. यंत्रं तेवढीच ठेवून माणसं वाढवत गेलं, तर एका टप्प्यानंतर प्रत्येक नव्या माणसामागे होणारी वाढ कमी होत जाते, असा तो नियम. तिने चाळीस स्लाइड आणल्या होत्या आणि पडद्याकडे तोंड करून त्या वाचत होती. दहाव्या मिनिटाला एकाने विचारलं, "मॅडम, ये एक्झाम में आएगा क्या?" वर्ग हसला. ती पुढच्याच स्लाइडवर अडखळली.

मला राहवलं नाही. मी उठलो, फळ्यापाशी गेलो आणि उरलेला तास स्वतः घेतला. पोरं रमली. मीही खुशीत बाहेर आलो.

व्हरांड्यात ती म्हणाली, "सर, तास छान झाला."

"झाला ना? सुरुवातीला असं होतंच गं."

"तुमचा छान झाला. माझा झालाच नाही. आता त्या वर्गासमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहू?"

मला राग आला. मी मदत केली आणि ही मलाच बोलते! घरी जाऊन जेवताना मात्र घास गोड लागेना. तिचं खरं होतं. मी तिला शिकवायला उभं केलं आणि अडखळल्याबरोबर खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून मी माफी मागितली. "पुढच्या तासाला मी उठणार नाही. छत कोसळलं तरी."

"छत कोसळलं तर उठा, सर," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो.

मग मी विचारलं, "हाच नियम तुझ्या गावातल्या बायांना सांगायचा तर कसा सांगशील?"

ती लगेच गावच्या बोलीत शिरली. "एवढ्याशा तुकड्यात लावणीला चार बाया हायत तवर काम सरसर होतं. धा घातल्या तर एकमेकींच्या पायात येतील."

"हेच वर्गात सांग."

"या भाषेत?"

"जी तोंडात येईल त्या भाषेत."

पुढच्या तासाला ती स्लाइडशिवाय आली. लावणीचं उदाहरण दिलं आणि विचारलं, "तुमच्याकडे लूमवर काय होतं?" अर्धा वर्ग लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणाऱ्या घरांतला. एक जण उठला. चार लूमना एकच कारागीर असला तर धागा तुटल्यावर मशीन थांबून राहतं, दुसरा दिला तर माल वाढतो. "और तीसरा दिया, तो वो चाय पीने जाता है!" वर्ग खदखदला. ती खडू घेऊन फळ्याकडे वळली आणि त्याच्याच बोलण्यावरून आलेख काढला.

तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अब्बा डबल ड्युटी करतात तेव्हा दुसऱ्या शिफ्टला माल कमी निघतो. तो पण हाच नियम का?"

तिने खडू टेबलावर ठेवला. मला उत्तर येत होतं. मी बाक दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"मला म्हाईत न्हाय," ती सरळ म्हणाली. "सोमवारी सांगते."

कुणी हसलं नाही. विचारणारीने तो प्रश्न वहीत लिहून ठेवला.

सोमवारी ती तयारीने आली. नियमात नवा माणूस पहिल्यासारखाच ताजातवाना धरलेला असतो. दुसऱ्या शिफ्टला माणूस तोच, पण दमलेला. म्हणून ही घट नियमातली नव्हे, थकव्याची. हे सांगून तिने त्या मुलीलाच विचारलं, की अब्बांचा माल नेमका कितव्या तासापासून कमी व्हायला लागतो. त्यावर वर्गात जी चर्चा पेटली ती घंटा झाली तरी थांबेना.

तेव्हापासून मी एक अट स्वतःलाही घातली आहे: विद्यार्थी शिकवत असताना गाईडने गप्प बसायचं. बोलायचं ते नंतर, दोघांतच. त्यानंतरच्या दोन विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी ती पाळली आणि दोघंही माझ्यापेक्षा लवकर शिक्षक झाले.

अंजूरची ती मुलगी गेल्या वर्षी वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका कॉलेजात शिकवायला रुजू झाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन आला.

"माझा तास झाला, सर. उद्या दुसरा आहे." एवढंच बोलली. मागून कुणीतरी तिला 'मॅडम' म्हणून हाक मारली आणि तिने फोन ठेवला.