जुन्या गाडीतला नवा टेप

सोनईच्या एका आळीत मला अजूनही 'केसवाली' म्हणून ओळखतात. वास्तविक मी शाळेत विज्ञान शिकवते.

झालं ते असं. माझा दीर विकास शेती करतो, आणि चांगली करतो. पण 'मुलगा शेती करतो' एवढं ऐकलं की मुलीकडच्यांना एकदम कुठलं तरी महत्त्वाचं काम आठवायचं. अशी बरीच स्थळं हातची गेल्यावर सोनईहून निरोप आला, "या बघायला." घरात धावपळ उडाली. सासूबाईंनी बेसनाचे लाडू वळायला घेतले, विकासनं नवा शर्ट शिवायला टाकला, आणि मी गाडीकडं बघितलं.

गाडी आमच्या ह्यांनी जुनी म्हणून घेतली होती आणि तेव्हापासून ती आणखी जुनी होत होती. एसी नाही. पुढची डावी काच अर्ध्यावर अडकलेली. ती वर जात नाही, खाली येत नाही. बोनेट उघडायचं तर एकानं आतून तार ओढायची आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं बाहेरून बुक्की मारायची. या सगळ्याची मला सवय झाली होती. पण टेप? कॅसेटचा टेप! त्यात पहिल्या मालकाची कॅसेट अडकलेली, आणि ती अडकल्यापासून तो गप्प.

"पाहुण्यांच्या दारात गाडी थांबली की मंद आवाजात गाणं चालू पाहिजे," मी म्हणाले. "छाप पडते."

"छाप पडायला गाडी धुवा," हे म्हणाले.

"धुणार. आणि नवा टेपही बसवणार."

"खर्च?"

"स्वस्तात!"

'स्वस्तात' म्हटल्यावर ह्यांचा विरोध मावळला. (लग्नानंतर एवढ्या वर्षांत ह्यांना गप्प करणारा तो एकच शब्द मला सापडला आहे.)

नगरला जाऊन गाड्यांच्या जुन्या सामानाचं एक दुकान गाठलं. दुकानदारानं ढिगातून एक सेट काढला, फुंकर मारली, आणि आम्ही दोघंही खोकलो. "मॅडम, डोळे झाकून न्या. टेम्पोतनं काढलाय. आवाज असा, की अख्खं गाव घराबाहेर यील!" (माणूस शब्दाचा पक्का होता. ते मला नंतर कळलं.)

"ह्याचं आवाजाचं बटण कुठंय?"

"पडलंय. दांडी हाय की! पकडीनं फिरवायची."

"आणि हे मेमरी कार्ड?"

"पयल्या मालकाचं हाय. लई घट्ट बसलंय, निघत न्हाई. तुमाला काय करायचंय? मोबाईल जोडा ब्लूटूथनं अन् ऐका गानी."

बसवायला मेकॅनिक? छे! सातवीच्या वर्गाला दरवर्षी विद्युत परिपथ कोण शिकवतं? मीच ना! मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि कंबर कसली. व्हिडिओतल्या गाडीत लाल तार लाल होती, काळी काळी होती. आमच्या गाडीत सगळ्याच तारा चहाच्या रंगाच्या. एकदा वायपर सुरू झाले. एकदा हॉर्न वाजला तो थांबेचना, तेव्हा शेजारचा बैल दावं तोडून पळाला. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अगं, ऱ्हाऊ दे! गाडी हाय तशी तरी ऱ्हाऊ दे!" पण मी ठरवलं होतं. शेवटी तार सरळ बॅटरीला जोडली, आणि सेटवर निळा दिवा लागला. एकच गोष्ट राहिली. किल्ली काढली तरी टेप बंद व्हायचा नाही, दांडी पकडीनं पार मागं फिरवावी लागायची. मी म्हटलं, चालेल. उलट सोय झाली, गाडी उभी असताना गाणी ऐकता येतील!

ठरल्या दिवशी निघालो. मी गाडी चालवत होते, शेजारी सासूबाई, त्यांच्या मांडीवर लाडवांचा नवा कोरा स्टीलचा डबा. मागं हे आणि विकास. सगळ्या रस्त्यानं माझ्या मोबाईलवरची गाणी झकास वाजली. हे चक्क मागून गुणगुणत होते. मी आरशातून ह्यांच्याकडं विजयी मुद्रेनं बघून घेतलं.

सोनईत पोचलो, पण घर सापडेना. एका आळीत लिंबाखाली गाडी लावली. मुलीच्या वडिलांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. हे मोबाईल घेऊन उतरले, रेंज शोधत शोधत कोपऱ्यावरून वळले आणि दिसेनासे झाले.

गाणं थांबलं.

मोबाईल लांब गेला की ब्लूटूथ तुटणारच, हे विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, जोड निघाला! पाहुण्यांच्या गावातच! मी पकड काढली आणि दांडी फिरवली. आवाज नाही. आणखी फिरवली. पार टोकापर्यंत नेली. 'कट्' झालं आणि दांडी माझ्या हातात आली. आणि त्याच क्षणी टेपनं मोबाईलचा नाद सोडून पोटातलं मेमरी कार्ड वाचायला घेतलं.

"चलाऽऽ ताई! चलाऽऽ मावशी! डोक्याचे केस द्या, भांडी घ्या! लांब केस, आखूड केस, काळे केस, पांढरे केस! चलाऽऽ ताई!"

आमच्या भागात बायका विंचरताना गळलेले केस पिशवीत साठवतात. केसवाला टेम्पो घेऊन येतो, केस घेतो आणि बदल्यात भांडी देतो. त्यातल्याच एका केसवाल्याचा सेट मी हौसेनं आमच्या गाडीत बसवला होता!

मी किल्ली काढली. टेप चालूच. अडकलेल्या काचेवर सासूबाईंनी पदर धरला. टेपला काही फरक पडला नाही. आता बॅटरीची तार काढणं हा एकच उपाय.

"विकास, खाली उतर! मी आतून ओढते, तू बोनेटवर बुक्की मार!"

विकास सीटवर आडवा झाला होता. तोंडावर टॉवेल. "वहिनी, मी उतरलो तर लोकांना तोंड दिसंल."

तेवढ्यात दारं उघडायला लागली. पिशव्या घेऊन बायका आल्या. एका आजींनी तर काचेतून पिशवी सरळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. "बघ बाई, वरीसभराचं हायेत. कळशी दे."

"अवो, आमी केसवाले न्हाई!"

"मग वरडता कशाला?"

"आमी न्हाई वरडत! गाडी वरडती!"

"गाडी सोताहून वरडती व्हय?" असं म्हणत एक ठसठशीत बाई गर्दीतून पुढं आली. हातात पातेलं. ते तिनं आमच्या बोनेटवर धाडकन आपटलं. "ह्योच त्यो आवाज! मी झोपेत बी वळखीन! मागल्या बारीला एवढं केस नेलं अन् ह्ये गळकं पातेलं दिलं. आदी बदलून द्या, मग गाडी हालंल!"

"तोंड सांभाळून बोला," सासूबाई उसळल्या. "आमी सोयरीक जुळवायला आलोय!"

"केसं गोळा करीत?"

"पांढरे केस, काळे केस!" टेप मदतीला धावून आला.

"अन् ह्यो मांडीवर नवा डबा कशाला हाय मग? भांडी न्हाईत म्हनं!"

"त्यात लाडू हायेत!"

"दाव!"

सासूबाई डबा घट्ट धरून बसल्या, बाईनं दुसऱ्या बाजूनं धरला, आणि ओढाओढ सुरू झाली. मी शेजारून 'अहो, हा विद्युत परिपथाचा प्रश्न आहे' असं काहीतरी ओरडत होते. (कोणीही ऐकलं नाही. वर्गातही ऐकत नाहीत.)

अशात कोपऱ्यावरून हे येताना दिसले. बरोबर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ. गर्दी पाहून दोघंही थबकले. मोबाईल गाडीजवळ आल्याबरोबर ब्लूटूथ परत जुळलं, टेपमधून एक गोड आवाज आला आणि जाहिरात बंद झाली. इतकी शांतता पसरली की सगळे टेपकडं बघायला लागले.

गृहस्थांनी पातेलंवाल्या बाईकडं बघितलं. "अगं, तू हितं काय करतीस? पाहुनं आलेत!" मग आमच्याकडं वळून नमस्कार केला. "ह्या आमच्या मालकीणबाई. मुलीच्या आई."

डबा दोघींच्या हातात होता. कोणीच सोडेना.

त्याच वेळी माझा मोबाईल वाजला. श्रीरामपूरहून ह्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा फोन. ह्यांनी गडबडीत हिरवं बटण दाबलं, आणि अक्का आमच्या नव्या स्पीकरमधून अख्ख्या आळीशी बोलायला लागल्या.

"काय गं, पोचला का? ऐक, पोरगी गुनाची हाय म्हनं. पन तिची आई लई भांडखोर हाय! जपून बोला!"

सगळ्या माना मुलीच्या आईकडं वळल्या.

"हॅलो? हॅलो? आवाज येतोय का?"

"येतोय!" अख्खी आळी म्हणाली.

आता संपलं, असं मला वाटलं. विकासचं लग्न मी स्वतःच्या हातानं, पकडीसकट मोडलं होतं. माझे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात मुलीचे वडील हसायला लागले. टोपी काढून, पोट धरून, लिंबाला टेकून हसले. "अवो, मी लगीन झाल्यापसनं सांगतोय, कुनी ऐकतच न्हाई! आज स्पीकरवर सांगितलं तवा गावाला पटलं!"

बायका फिसकन हसल्या. मागून एक मुलगी पुढं आली, साडीची पिन हातातच. "आई, पातेलं उचल. पाहुन्यांच्या गाडीला चरा पडंल."

आमच्या गाडीला चरा! त्या गाडीची एवढी काळजी आजवर कोणीच केली नव्हती. विकासनं हळूच टॉवेल खाली घेतला. तिनं त्याला बघितलं आणि हसू आवरायला पिन दातात धरली.

मग सासूबाईंनी डबा सोडला. "घ्या विहीनबाई. गळत न्हाई."

बाईंनी झाकण उघडलं, आत लाडू बघितले, झाकण लावलं, डबा उलटा करून बूडही तपासलं. मग म्हणाल्या, "चला. च्या घ्या."

लग्न ठरलं. पुढं कोमल, म्हणजे माझी जाऊ, म्हणाली, "एवढ्या गोंधळात ह्यांनी कुनावर आवाज न्हाई चढवला, तवाच मी हो म्हनायचं ठरवलं." विकास तेव्हा तोंडावर टॉवेल घेऊन सीटवर आडवा पडला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता गावात लग्नाची मुलं असलेले आईबाप आवर्जून आमच्याकडं येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, मास्तरीणबाईंचा सल्ला घ्यायला आले असतील. मी चहा ठेवला, चष्मा लावला.

"बाई, पोरगी बघायला जायचंय. तुमची गाडी मिळंल का?"

"मिळेल की! मीच चालवते."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"नगं," ते म्हणाले. "नुसता टेप आला तरी पुरंल."