सरकारच्या पैशाने सरकारशी भांडण

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. खाली मशीनची खडखड, वर बाईंची. मृत्युपत्रं, घरांचे करार, भाऊबंदकी यांवर त्यांचं बरं चाललं होतं. पण ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील देतात, त्या वकिलांमध्ये बाईंनी आपण होऊन नाव घातलं होतं. मानधन चहापाण्यापुरतं. "कशाला हा उपद्व्याप?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "अहो, सरकारच्या पैशाने सरकारशी भांडायला मिळतं! आणखी काय हवं?" यावर त्यांचे यजमान पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "घरी तर फुकटच भांडते."

तर एकदा त्यांच्या वाट्याला आला किल्लीवाला. एका बंगल्यात कुलूप न फोडता चोरी झाली होती आणि त्या कुलपाची जोडकिल्ली यानेच बनवलेली. झालं, पोलिसांनी उचललं त्याला! तुरुंग तर समोर होताच, पण चोर ठरलेल्या माणसाकडे किल्ली करायला पुन्हा कोण येणार? धंदाच बसला असता.

कोठडीत बाईंनी विचारलं, "चोरी झाली त्या संध्याकाळी कुठे होतात?"

"आठवत नाही."

"घरी होतात?"

"आठवत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. गडी काहीतरी लपवतोय हे उघड दिसत होतं, पण चोर असता तर चांगली तयार गोष्ट घेऊन आला असता.

खरं म्हणजे त्या संध्याकाळी तो दोस्ताच्या हातगाडीपाशी गप्पा छाटत बसला होता. दोस्त छत्र्या दुरुस्त करायचा आणि त्याच्या गाडीला परवाना नव्हता. किल्लीवाल्याचा हिशेब सरळ होता. आपल्याला पकडलं सरकारने, समोरचा वकील सरकारचा, आणि या बाईंनाही पैसे सरकारच देणार. म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी! यांच्यापाशी तोंड उघडलं की दोस्ताची गाडी गेलीच.

त्यात जामिनाच्या दिवशी शिपाई त्याला नेमका कॅन्टीनवरून घेऊन गेला. आत बाई आणि सरकारी वकील एका डब्यात जेवत होते, वर खिदळत होते. किल्लीवाल्याने ते पाहिलं. "संपलं," तो शिपायाला म्हणाला.

पण कोर्टात दोघं उभी राहिली आणि बाईंनी पदर खोचला म्हणायचा! किल्ली बनवणाऱ्याला चोरीसाठी धरायचं, तर बंगल्याचं दार बनवणाऱ्या सुताराला का सोडलं? चोरीचा एक चमचा तरी याच्याकडे सापडला का? सरकारी वकील "पण" म्हणाले की बाई त्या "पण"वरच तुटून पडत. न्यायाधीशांनी शेवटी "बाई, मला ऐकू येतं" असं सांगितलं आणि जामीन दिला.

बाहेर सरकारी वकील घाम पुसत म्हणाले, "उद्यापासून तुम्हाला डबा नाही!"

"नका देऊ. तुमच्या भाजीत मीठ नसतंच."

किल्लीवाला आ वासून बघत राहिला. "बाई, तुम्ही खरंच भांडलात?"

"मग काय नाटक होतं? घसा बसला माझा!"

तो तिथेच पायरीवर बसला आणि घळाघळा रडला. मग दोस्त, गाडी, परवाना, सगळं भडाभडा सांगून मोकळा झाला. बाईंना राग आला, हसू आलं, आणि खरं सांगायचं तर भरूनही आलं. स्वतः तुरुंगात जायला निघालेला माणूस दोस्ताची हातगाडी सांभाळत होता!

"लावू दे कुणी त्या गाडीला हात," त्या म्हणाल्या, "ती केसही मीच घेईन."

छत्रीवाल्याने घाबरत का होईना, साक्ष दिली. त्या संध्याकाळी छत्री न्यायला आलेल्या एका शाळामास्तरीणबाईही साक्षीला आल्या. किल्लीवाल्याने बडबडून त्यांचं डोकं खाल्लं होतं, त्या कशा विसरणार? किल्लीवाला निर्दोष सुटला. पुढे बाईंनी छत्रीवाल्याच्या मागे लागून परवान्याचंही मार्गी लावलं.

आता किल्लीवाला कोर्टाच्या फाटकाशीच बसतो. परवा एक सफाईवाली तिथे घुटमळत होती. तिलाही याच बाई मिळाल्या होत्या.

"हिला पैसे सरकार देतं म्हणे," ती हळूच म्हणाली. "मग ही बाई नक्की कुणाची?"

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली.

"गेल्या वर्षी माझी होती," तो म्हणाला. "आता तुमची. जा आत."