झेरॉक्स मशीनच्या पोटात काय असतं

माझ्या भाचीला मी लहानपणापासून गिरमिट म्हणतो. प्रश्न विचारून विचारून ती डोक्याला भोक पाडायची. पुढे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये तिला नोकरी लागली आणि तिथं तिच्या हातात खरोखरचं ड्रिल मशीन आलं, तेव्हा मला माझ्याच तोंडाची भीती वाटायला लागली.

तिचं काम ऐका. पेशंटची प्रत्येक फाईल, प्रत्येक रिपोर्ट संगणकात ठेवायचा, आणि तोही दोन ठिकाणी. एक प्रत तिच्या खोलीत, दुसरी मागच्या इमारतीत कुलपात. इकडे आग लागली तर तिकडची वाचावी. आणि जुन्या झालेल्या डिस्कची विल्हेवाटही तिनंच लावायची. ड्रिलनं चार भोकं, आरपार, मग वहीत साक्षीदाराची सही आणि नंबर. नुसतं डिलीट करून भागत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "मामा, दारावरची पाटी काढली म्हणून घरातली माणसं कुठं जात नाहीत."

सव्वीस वर्षं मी तिच्या मागे लागलोय. आमच्या शेजारच्या वकिलाच्या पोटातून डॉक्टरांनी नक्की काय काढलं, एवढंच मला हवंय. दर वेळी ती शांतपणे चहा ओतते आणि म्हणते, तुमचंही पोट माझ्याच कपाटात आहे, विसरू नका.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझा गुडघा दाखवायला गेलो होतो. नंबर लांब होता म्हणून रेकॉर्ड रूमच्या बाहेरच्या बाकावर बसलो. खोटं कशाला बोलू, त्या बाकावर आतलं सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि दाराच्या फटीतून थोडंफार दिसतंही.

आत भंगारवाला उभा होता. जुनी यंत्रं त्याला विकली होती आणि टेम्पो फाटकाशी लागला होता. चाळीस संगणक, त्यांच्या डिस्क हिनं आधीच काढून भोसकलेल्या. आणि एक झेरॉक्स मशीन, कपाटाएवढं, बारा वर्षं राबलेलं. 'कोणत्याही वस्तूत माहिती शिल्लक नाही' अशा कागदावर हिची सही हवी होती. हिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, झेरॉक्स मशीनमध्येही डिस्क असते, ती काढल्याशिवाय सही नाही.

हॉस्पिटलचे नवे साहेब तिथंच उभे होते, ते हसले. हे साहेब म्हणजे खिशात अत्तराचा रुमाल आणि प्रत्येक हुकमाला 'प्लीज'. भंगारवाला हसला. खरं सांगतो, बाकावर मीही हसलो. वरून कागद घालायचा, खालून कागद घ्यायचा, त्यात लक्षात ठेवायचं काय? पण हिनं कधीकाळी दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकच्याही डोक्याला भोक पाडलेलं होतं. हे मशीन आधी कागदाचा फोटो घेतं, तो आतल्या डिस्कवर ठेवतं आणि मग छापतं, असं तिनं नीट समजावलं. फोटो आपोआप जातच असतील असं धरून चालता येत नाही, म्हणाली.

साहेबांना घाई होती. दुपारी नवी यंत्रं येणार होती. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, सही करा, प्लीज, नाहीतर उद्यापासून रेकॉर्ड रूम दुसऱ्याकडे जाईल आणि तुम्ही चौकशीच्या खिडकीवर बसाल.

माझा गुडघा दुखायचा थांबला. सव्वीस वर्षांची ती खोली, तिनंच लावलेली, एकेक कप्पा तिच्या अक्षरातला. मग टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवल्याचा आवाज आला.

"किल्ल्या घ्या, साहेब. सही मिळणार नाही."

आता साहेब जरा नरमले. म्हणाले, दाखवा तर मग. हिनं स्क्रू ड्रायव्हर घेतला, मशीनची पाठ उघडली आणि तळहाताएवढी डिस्क बाहेर काढली. भंगारवाल्याचं हसू तिथंच आटलं. साहेब म्हणाले, संगणकाला जोडा, आत खरंच काही आहे का ते बघू. आणि ही बया म्हणते, नाही जोडणार. त्यात लोकांचे कागद असतील, ते बघायचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही.

"मग मी विश्वास कशावर ठेवायचा?"

तिनं डिस्क त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "साहेब, तुम्ही स्वतः या मशीनवर शेवटचं काय काढलं होतं?"

मी गुडघा विसरून उठलो आणि दाराच्या फटीला डोळा लावला. साहेबांच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं, मग आठवण आली, मग रुमाल आला. त्या डिस्ककडे असे बघत होते, की जणू ती आत्ता तोंड उघडून नाव घेईल.

"ड्रिल कुठंय?" साहेब म्हणाले. प्लीजसुद्धा राहून गेलं.

चार भोकं पडली. साक्षीदाराच्या रकान्यात साहेबांनीच सही ठोकली. मग तिनं एक्केचाळिसावा नंबर लिहिला, कागदावर आपली सही केली, आणि किल्ल्यांचा जुडगा साहेबांनी स्वतः उचलून तिच्या हातात दिला.

साहेबांनी काय काढलं होतं, हे मी तिला त्याच दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, अजूनही विचारतो. तिला ठाऊकच नाही. आमच्या घराण्यात दुसऱ्याचं पाकीट वाफेवर धरून उघडणारी माणसं होऊन गेली, मी त्यातला शेवटचा. आणि त्याच घरातली ही पोर अर्ध्या शहराच्या गुपितांवर बसून आहे, पण एकाचंही झाकण हिनं उचललेलं नाही.

भंगारवाला टेम्पो भरून परत वर आला. त्याच्या गोदामात अशीच सतरा मशिनं पडली होती, शाळांची, कचेऱ्यांची, वकिलांची. बाई येतील का, म्हणाला. हिनं अट घातली, आधी ज्याचं मशीन त्याला कळवा, तो स्वतः समोर उभा राहिला तरच मी हात लावीन.

दोन रविवार लागले. गोदामात सतरा मशिनं ओळीनं उभी, प्रत्येकाशेजारी त्याचा मालक, शाळेतल्या पोरांसारखा गुपचूप. ती एकेकाची पाठ उघडत पुढे चालली होती. मी ड्रिलची वायर सांभाळत तिच्या मागे होतो आणि जो विचारी त्याला, न विचारी त्यालाही, सांगत होतो, ही माझी भाची.