एकाच माशाचे तीन फोटो

माझ्या मावशीने एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढले. तिथे तिला सगळे फिल्मबाई म्हणायचे. रिपोर्ट लिहायचं काम डॉक्टरांचं, पण हाडाला तडा कुठे गेलाय हे बहुतेक वेळा तिला आधी दिसलेलं असायचं. एकदा एका बड्या डॉक्टरांनी शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याला ‘मुका मार आहे, जा घरी’ म्हणून सांगून टाकलं. मावशीने त्याला टेबलावरून उठूच दिलं नाही. “डॉक्टर खाली येऊन स्वतः फिल्म बघेपर्यंत हा माणूस इथून हलणार नाही,” असं फोनवर सांगून तिने फोन ठेवून दिला. डॉक्टर तणतणत आले, फिल्म उजेडावर धरली. मणक्याला चीर होती. मावशीला शाबासकी वगैरे काही मिळाली नाही, उलट पुढचे तीन महिने रविवारची पाळी लागली. तिने ती केली आणि पुन्हा तशी वेळ आली तेव्हा पुन्हा तसाच फोन केला.

निवृत्त झाल्यावर तिने लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्याकडून त्याचा जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स घेतली. “जन्मभर हाडं बघितली, आता पिसं बघते,” म्हणाली. वर्तमानपत्रात शनिवार-रविवारच्या शिबिराची जाहिरात आली होती: नदीकाठी मुक्काम, वन्यजीव छायाचित्रण, प्रत्यक्ष सरावासह. तिने लगेच नाव नोंदवलं.

तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, ते काही पटलं नाही.

“आई, पहाटे चिखलात बसायचं असतं तिथे. जरा स्वतःचे गुडघे बघ.”

“माझे गुडघे मी तुझ्याआधी बघितलेत. समोरून आणि कडेने, दोन्ही.”

“आणि एकटी जाणार?”

“एकटी कशाला? ही येतेय की,” असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मला तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

शिबिर एका जुन्या विश्रामगृहात होतं. लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर ताणून बसवलेली पांढरी चादर आणि एकाच प्लगला लटकलेल्या सात-आठ वायरी. आम्ही अकरा जण, माझ्याही गळ्यात एक उसना कॅमेरा. मावशीच्या उजवीकडे एक दातांचे डॉक्टर बसले होते, त्यांची लेन्स इतकी मोठी की तिला वेगळी खुर्ची लागली. डावीकडे एक बेकरीवाली होती. शिकवणारे सर पन्नाशीचे, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, आवाज मुरलेला.

“काकू, तुम्हाला जमेल ना? नाहीतर मागे बसून नुसतं बघितलंत तरी चालेल,” त्यांनी आल्या-आल्या विचारलं.

“काकू म्हणू नका. फार तर चार वर्षांनी मोठी असेन मी तुमच्यापेक्षा. आणि मी पुढे बसते, मागून मला फळा दिसत नाही.”

एक मात्र मान्य करायला हवं, सर शिकवायचे फार छान. शनिवारच्या एका दिवसात त्यांनी उजेड कसा वाचायचा, पक्षी उडण्याआधी अंग कसं चोरतो, डोळा स्पष्ट आला नाही तर बाकी सगळं फुकट कसं जातं, हे असं समजावलं की माझ्यासारखीलाही कळलं. बोटाचा हिसका बसून फोटो हलू नये म्हणून श्वास अर्धा सोडून थांबायला त्यांनी सांगितलं, तेव्हा मावशी हसली. तिने हजारो लोकांना श्वास रोखायला लावला होता. दुपारी आवारातल्या चिमण्यांवर सराव झाला. मावशीचे फोटो धड येईनात. एकात शेपूट, एकात रिकामी फांदी. ती चिडली नाही. उन्हात उभी राहून तिने दोनशे फोटो काढले, तेव्हा कुठे एक चिमणी डोळ्यासकट सापडली.

संध्याकाळी सरांनी खंड्याबद्दल सांगितलं. मातीच्या उभ्या काठात बीळ करून राहणारा निळा पक्षी. “एक खूण लक्षात ठेवा,” ते म्हणाले. “मासा स्वतः खायचा असेल तर माशाचं डोकं घशाकडे धरतो. पिल्लांना द्यायचा असेल तर डोकं बाहेर.” मावशीने ते वहीत लिहून घेतलं.

रविवारी उजाडताना आम्ही नदीला मिळणाऱ्या एका ओहोळाशी पोचलो. सर आधीच येऊन बसले होते. जागा तयार करायला पुढे गेलो होतो, म्हणाले. अलीकडच्या काठावर हिरवी जाळी बांधलेली, तिच्या भोकांतून अकरा लेन्स बाहेर. पलीकडे उभा मातीचा काठ आणि त्याच्यासमोर पाण्यात रोवलेली एक वाकडी काठी. थोड्या वेळात खंड्या आला आणि चोचीत मासा घेऊन बरोबर काठीवर बसला. सगळीकडून खटखटखट. दातांचे डॉक्टर तर “अप्रतिम, अप्रतिम” असं पुटपुटत होते. पक्षी उडाला, काठाशी फडफडला, परत काठीवर आला. पुन्हा खटखट. असं बराच वेळ चाललं. मलाही आयुष्यात पहिल्यांदा एक चांगला फोटो मिळाला आणि मी खुशीत होते.

मावशीने मात्र फोटो काढणं थांबवलं होतं. ती कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आधीचे फोटो मोठे करून बघत होती.

“ए, हे बघ,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “सात वाजून बारा मिनिटं. या माशाची शेपटी फाटलेली आहे. आता हा बघ, सात एकतीस. आणि हा आत्ताचा.”

“मग?”

“एकच मासा आहे. डोकं बाहेर आहे, म्हणजे पिल्लांसाठी आणलाय. मग हा आत का जात नाही?”

तिने लेन्स काठीवरून बाजूला नेली आणि काठाच्या मातीवर रोखली. बराच वेळ स्थिर राहिली. एक फोटो काढला आणि मला दाखवला. बिळाच्या तोंडात चौकड्यांच्या रुमालाचा बोळा कोंबलेला होता.

मावशी उठली. जाळी बाजूला करून ती सरळ पाण्यात उतरली. पाणी गुडघ्याच्या वर होतं. मागून एकच ओरडा झाला.

“अहो बाई, बाजूला व्हा! मध्ये येताय तुम्ही!”

“माझं पाण्यातलं प्रतिबिंब राहिलंय अजून!” हे डॉक्टर.

सर उभे राहिले. “काकू, मागे फिरा. पक्षी उडेल.”

“उडू दे की!” तिने मान न वळवता सांगितलं. “तुम्हीच त्याला ताटकळत ठेवलंय.”

काठाशी जाऊन तिने बोटांनी तो बोळा उपसला. आतून किरकिर ऐकू आली, एकदम, खूप आवाजांची. तिने आल्या पावली पाणी तुडवत परत येऊन तो ओला रुमाल सरांच्या हातात दिला.

“तुमचा आहे ना?”

मी तेव्हा काय केलं? काही नाही. जाळीमागे बसून राहिले. ते मला अजून टोचतं. काही वेळाने पक्षी परत आला आणि काठीकडे ढुंकूनही न बघता थेट आत घुसला. त्याचा फोटो कुणीच काढला नाही.

विश्रामगृहावर आल्यावर सरांनी तिला बाजूला घेतलं, पण ती बाजूला गेलीच नाही, सगळ्यांसमोर उभी राहिली.

“तुम्ही आत्ताच्या आत्ता सामान भरा.”

“शिबिर दुपारपर्यंत आहे. शेवटी प्रत्येकाने तीन फोटो दाखवायचे, असं तुम्हीच सांगितलंत. यादीत माझं नाव चौथं आहे. माझे तीन दाखवल्याशिवाय मी जाणार नाही.”

तिने कोरडी साडी नेसली आणि जेवायला बसली. टेबलावर आम्ही दोघीच. मग बेकरीवाली आपलं ताट घेऊन आमच्याशेजारी येऊन बसली.

दुपारी खोलीचे पडदे ओढले. तिसरं नाव झालं आणि सरांनी पाचवं पुकारलं. मावशी उठली, वायरींच्या गुंत्यातून बरोबर हवी ती ओढून तिने प्रोजेक्टरला आपलं कार्ड लावलं. यंत्रांना ती कधीच घाबरली नव्हती. चादरीवर खंड्या आला. “सात बारा,” ती म्हणाली. दुसरा फोटो. “सात एकतीस.” आणि तिसरा, रुमालाचा. “हा सात अठ्ठेचाळीस. माशाची शेपटी बघा आणि मग मला सांगा.”

 सर म्हणाले, “अर्ध्या तासाने पिल्लं मरत नाहीत. सगळेच करतात हे. नाहीतर तुम्हा लोकांना दोन दिवसांत असा फोटो मिळणार कसा?”

“नाही मिळाला तर नाही मिळाला,” मावशी म्हणाली. “तुमच्याकडून मी एका दिवसात जे शिकले, ते वर्षभर पुरेल मला. त्याला रुमालाची गरज नव्हती, सर. त्याचंच मला जास्त वाईट वाटतंय.”

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. बेकरीवालीने आपले सकाळचे फोटो तिथेच पुसून टाकले. डॉक्टरांनी आपला फोटो मोठा करून दवाखान्यात टांगला, तो अजून तिथे आहे. शिबिराचं प्रमाणपत्र सगळ्यांना मिळालं, मावशी सोडून. मी माझं घेतलं नाही. तेवढंच काय ते मी केलं. मावशीने वनखात्याला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तिसऱ्यांदा स्वतः गेली, तेव्हा एका साहेबांनी “बघतो” म्हणून चहा पाजला.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच जाहिरात आली. मावशीने फोन लावला.

“तुम्हाला प्रवेश नाही,” सर म्हणाले.

“ठीक आहे. नदीवर यायला तर प्रवेश लागत नाही ना?”

त्या रविवारी आम्ही उजाडायच्या आतच ओहोळाच्या पलीकडे जाऊन बसलो. मी, मावशी आणि बेकरीवाली. बिळापासून चांगली शंभर पावलं लांब, पक्ष्याला खुपणार नाही आणि सरांना खुपेल अशी जागा मावशीने निवडली होती. थोड्याच वेळात जाकीटवाली आकृती काठी घेऊन खाली उतरली. मावशीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि लेन्स सरळ तिच्यावर रोखली.

सर थबकले. मावशीने हात हलवला, ओळखीच्या माणसाला करावा तसा.  सरांनी पाण्याकडे बघितलं आणि ते काठी हातात घेऊन तसेच वर चढून गेले. उजेड पसरला, जाळीतून लेन्स बाहेर आल्या, सगळ्या आमच्या बाजूला तोंड करून. खंड्या आला, कुठेही न थांबता बिळात शिरला, बाहेर पडला, पुन्हा मासा घेऊन आला.

“पकडता येत नाहीये गं, फार वेगात जातोय,” मी कुरकुरले.

“मग पुन्हा काढ,” मावशी म्हणाली. तिचंही बोट बटणावरच होतं.