मागे ऐकू येतंय का

माझ्या काकांना गल्लीत नावाने कुणी हाक मारत नसे. ते सगळ्यांचे ऑपरेटर. एका सिनेमा थिएटरच्या प्रोजेक्टरच्या खोलीत त्यांनी उभी हयात काढली आणि तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या मुलीशी लग्न केलं. ती माझी काकू. पहिल्या खेळाआधी काका वरून माईकवर विचारायचे, "मागे ऐकू येतंय का?" काकू रिकाम्या थिएटरात शेवटच्या रांगेपाशी जाऊन उभी राहायची आणि ओरडायची, "येतंय." मगच दारं उघडायची. हा शिरस्ता लग्नाआधी सुरू झाला आणि थिएटर बंद पडेपर्यंत चालला. लग्नाचं कुणी कुणाला विचारलं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. माझा संशय आहे, तेही माईकवरूनच झालं असणार.

थिएटरला कुलूप लागलं आणि काका घरभर येरझाऱ्या घालू लागले. "ह्यांना काहीतरी उद्योग दे, नाहीतर मला वेड लागेल," काकूने मला सांगितलं. मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळते, म्हणजे लोकांनी घातलेले घोळ निस्तरते. मी तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आणला, त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली आणि टीव्हीला जोडून दिला. वाटलं, चार दिवस खेळतील आणि सोडून देतील. काकांनी त्याचं थिएटर केलं. जुने सिनेमे, गाणी, घरातले फोटो, सगळं त्यात भरलं. स्क्रीनच्या खालच्या कडेला घड्याळाची पट्टी लावली. ठरल्या वेळी ठरलेलं काम आपोआप व्हावं म्हणून एक ओळ लिहावी लागते, ती जमली त्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं, "आता खेळ वेळेवर सुरू होणार." वेळेच्या बाबतीत माणूस म्हणजे नुसता छळ होता.

मग काकूला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि ती घ्यायला ती विसरू लागली. काकांनी स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला, "गोळी घे गं. पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही." त्या दिवशी मी तिथेच होते. आधी त्यांनी सवयीने माईक तपासला, "मागे ऐकू येतंय का?" स्वयंपाकघरातून काकू म्हणाली, "येतंय. कान आहेत मला." माईक यथातथाच होता, तिचं बोलणं काही त्यात आलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी टीव्हीवरचं गाणं थांबे आणि काका गोळीची आठवण करून देत. स्वतः शेजारच्या खुर्चीत बसलेले असले तरी. "तोंडाने सांगितलं तर जीभ झिजते का हो?" असं म्हणत काकू गोळी घ्यायची.

काका गेले ते हृदयाच्या झटक्याने, भर दुपारी. त्याच संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना टीव्हीतून त्यांचा आवाज आला. सगळे गार पडले. काकू उठली, आत गेली आणि गोळी घेऊन आली.

पुढे काही महिन्यांनी दादाचा फोन आला. दादा म्हणजे काकूचा मुलगा. "आई चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणतात, गोळ्या जास्त झाल्या. बाबांचं ते खोकं वेळी-अवेळी बोलतं आणि ती प्रत्येक वेळी गोळी घेते. मी ते काढून फेकतोय."

"मी येईपर्यंत हात लावू नकोस," मी म्हटलं. त्याचं चूक नव्हतं. यंत्र दुरुस्त झालं नाही तर काकूचा जीव जाईल, आणि फेकून दिलं तर तिचं उरलंसुरलं माणूस जाईल. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

घरी जाऊन पाहिलं तर घोळ लगेच लक्षात आला. त्या छोट्या यंत्राला स्वतःचं घड्याळ नसतं. वीज गेली की ते वेळ विसरतं आणि चालू झाल्यावर इंटरनेटवरून विचारून घेतं. दादाने आईसाठी वेगवान इंटरनेट घेतलं होतं. राउटर बदलला, पासवर्ड बदलला, तो यंत्राला कुणी सांगितलाच नाही. मग दर वेळी चालू झालं की ते शेवटची नोंदलेली तीच वेळ धरून पुढे मोजू लागे, आणि ती वेळ नेमकी गोळीच्या जराशी आधीची होती. नवा मोठा टीव्हीही दादानेच आणला होता. त्यावर चित्राच्या कडा कापल्या जात होत्या, त्यामुळे घड्याळाची पट्टी स्क्रीनबाहेर गेली होती. वेळ चुकतेय हे दिसायला काही मार्गच नव्हता. मी हे सांगितलं तेव्हा दादाचा चेहरा एवढासा झाला. दोन्ही गोष्टी त्याने मायेने केल्या होत्या.

पण यंत्र एकाच दिवसात पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू झालेलं दिसत होतं. "इथे वीज तर जात नाही," दादा म्हणाला.

मी काकूकडे पाहिलं. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"बटण बंद करून परत चालू केलं," ती म्हणाली, "की थोड्या वेळाने हे बोलतात."

"अगं पण काकू, दर वेळी गोळी कशाला घ्यायचीस?"

"हे सांगतात ना घे म्हणून. नुसतं ऐकून घ्यायचं आणि करायचं नाही, असं कसं?"

दादा उठून खिडकीपाशी गेला. मी यंत्राला नवा पासवर्ड दिला, वेळ जुळवली, चित्र कडेपर्यंत नीट बसवलं. घड्याळ पुन्हा दिसू लागलं. "आता कितीही वेळा बटण दाबलंस तरी ते दिवसातून एकदाच बोलणार," मी सांगितलं.

"एकदाच?"

"एकदाच, काकू."

"बरं," ती म्हणाली.

त्या 'बरं'ने माझी झोप उडवली. सकाळी मला ते माईक तपासलेलं आठवलं. शोधलं, तर काकांनी ते रेकॉर्डिंग पुसलं नव्हतं. गोळीचा त्यात उल्लेख नाही, धोका नाही. मी नवी ओळ लिहिली आणि काकूला काही न सांगता बाहेरच्या खोलीत दादाशेजारी बसून राहिले. काकू आत कप विसळत होती.

"मागे ऐकू येतंय का?" काका म्हणाले.

"येतंय," काकू ओरडली, शेवटच्या रांगेतून ओरडावं तशी. आणि ओल्या हातांनी बाहेर येऊन टीव्हीसमोर उभी राहिली. ती बराच वेळ तशीच उभी होती.

"पुढे?" तिने विचारलं.

"एवढंच आहे, काकू."

तिने हात पुसले. "गोळीचं तसंच राहू दे. हे काढून टाक बाई," ती म्हणाली. "मी येतंय म्हटलं की खेळ सुरू व्हायचा."

मी ती ओळ पुसली. संध्याकाळी काका वेळेवर बोलले आणि काकूने एक गोळी घेतली, पाण्याबरोबर.